डभोईकडच्या तळ्यात उतरल्यावर उठलेली खाज : गोगलगाय, गुरे आणि माणसातले कृमी

दांडियाबाजारकर (धागालेखक) | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही घरची सात माणसे डभोईच्या पुढे माझ्या मावसभावाच्या शेतावर गेलो होतो. गावाच्या कडेला एक जुने तळे आहे. निम्म्या भागात कमळे आणि उरलेल्या भागात गावच्या म्हशी. माझा चौदा वर्षांचा पुतण्या, मावसभाऊ आणि मी असे तिघे कमळाचे देठ काढायला गुडघाभर पाण्यात उतरलो आणि अर्धा तास तिथेच रेंगाळलो. बाहेर येऊन पाय वाळू लागले तशा पोटऱ्यांना मुंग्या चावल्यासारख्या टोचण्या सुरू झाल्या, आणि रात्रीपर्यंत पाणी जिथवर पोहोचले होते बरोबर तिथवर मसुराएवढे लाल पुरळ उठले. गुडघ्याच्या वर एकही ठिपका नाही, जणू कोणी पट्टी लावून रेघ मारली आहे. विशेष म्हणजे पुतण्या असल्या पाण्यात पहिल्यांदाच उतरला होता, त्याला चार-दोन ठिपके, मला मध्यम, आणि जो मावसभाऊ लहानपणापासून त्याच तळ्यात डुंबत आला आहे त्याचे पाय मात्र सर्वांत वाईट फुलले.

वडोदऱ्याला परतल्यावर जवळच्या एका दवाखान्यात दाखवले. तिथे न विचारता गजकर्ण ठरवून मलम देण्यात आले. त्याने काहीही झाले नाही आणि आठवडाभरात पुरळ आपसूक सुकले. प्रकरण इथेच संपायचे. पण शेजारच्या गृहस्थांनी ‘बिल्हार्झिया’ हा शब्द उच्चारला, तो गोगलगाईतून येतो आणि लघवीतून रक्त जाते असे सांगितले, आणि घरातली झोप उडाली. त्यात आमच्या मातोश्रींनी ‘म्हणजे नारूच की’ असा निकाल दिला आहे.

त्या तळ्यात गोगलगाई भरपूर होत्या हे खरे. बोराएवढ्या, तपकिरी, चपट्या चकतीसारख्या. जाणकारांनी कृपया सांगावे : हे नेमके काय आहे, आणि आम्ही तिघांनी काही तपासून घ्यावे का?

गुरांचा_डॉक्टर | रविवार, रात्री ११.०५

पस्तीस वर्षे पशुवैद्यकीय नोकरी करून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे माणसांवर औषधोपचार सांगणार नाही. पण तुम्ही वर्णन केलेली गोगलगाय माझ्या चांगल्या ओळखीची आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी मातोश्रींचा नारू बाजूला ठेवू. नारूचा जंत गोगलगाईत नसतो. तो पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जिवात असतो, आणि ते पाणी प्यायल्याने होतो, त्यात उभे राहिल्याने नव्हे. म्हणूनच पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे आणि पाणी दुहेरी फडक्याने गाळणे एवढ्याने तो हटला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. मातोश्रींची आठवण खरी आहे, फक्त आरोपी वेगळा आहे.

आता तुमची चपटी चकती. तिचे शास्त्रीय नाव इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. तोंडाला झाकण नाही, शंख एकाच पातळीत गुंडाळलेला, आणि चिरडली तर लालसर द्रव येतो, कारण तिच्या रक्तात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. भारतभर डबक्यांत, भातखाचरांत, म्हशींच्या तळ्यांत ती असते. गुरांच्या रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या तीन-चार जातींच्या पर्णकृमींना, म्हणजे शिस्टोसोमांना, वाढायला हीच गोगलगाय लागते. गायीच्या शेणातून, आणि एका जातीत नाकातल्या शेंबडातून, अंडे पाण्यात पडते. त्यातून केसाळ अंगाचे सूक्ष्म पिल्लू बाहेर येते, आणि त्याला काही तासांच्या आत ठरावीक गोगलगाय गाठावी लागते. नाही गाठली तर ते मरते. गाठली, तर तिच्या शरीरात महिना-दीड महिना त्याच्या पिढ्या वाढतात, आणि मग दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या हजारोंनी पाण्यात सुटू लागतात. त्यांना कातडी हवी असते. गाय उभी असली तर गाय, दांडियाबाजारचे पाहुणे उभे असले तर पाहुणे.

गायीच्या अंगात त्या मोठ्या होतात. माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात. वाट पुढे बंद आहे. तुम्हाला जी खाज सुटली ती मेलेल्या अळ्यांविरुद्ध शरीराने केलेली आरडाओरड होती. हेच तुमच्या ‘विशेष म्हणजे’चे उत्तर : पुतण्याच्या शरीराला या अळ्या अनोळखी होत्या, म्हणून गडबड कमी, मावसभावाच्या शरीराने त्यांना वर्षानुवर्षे ओळखून ठेवले आहे, म्हणून दंगा जास्त. आसामच्या आणि मध्य भारताच्या भातशेतीत ही खाज मजुरांना नेहमीची आहे, फक्त तिला कोणी नाव देत नाही.

तुमच्या मावसभावाला एक विचारा : गावातल्या एखाद्या गायीला घोरण्याचा त्रास आहे का? शिस्टोसोमा नेझेल नावाचा कृमी गायीच्या नाकातल्या शिरांत राहतो, आत फुलकोबीसारख्या गाठी येतात आणि गाय रात्री गोठ्यात माणसासारखी घोरते. त्याची अंडी बूमरँगच्या आकाराची असतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकदा पाहिली की विसरत नाही. म्हशींत हा कृमी असूनही गाठी बहुधा सौम्य असतात, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही आणि तळ्यात अंडी मात्र पडत राहतात.

खंडेराव_मार्केटवाली | सोमवार, सकाळी ७.१५

डॉक्टरसाहेब, इतके स्वच्छ लिहिल्याबद्दल आभार. एक शंका, आणि ती स्वयंपाकघरातली आहे. आता थोड्याच दिवसांत मार्केटात ओले शिंगाडे येतील. आम्ही लहानपणापासून ते दाताने सोलून कच्चे खात आलो आहोत. त्यांना गोगलगाई चिकटलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यातून काही होते का?

गुरांचा_डॉक्टर | सोमवार, सकाळी ८.५०

ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. होते, पण तो कृमी वेगळा. शिस्टोसोमाच्या अळ्या कातडीतून शिरतात. दुसऱ्या काही पर्णकृमींच्या अळ्या गोगलगाईतून बाहेर पडून पाणवनस्पतींवर चिकटतात, शेपटी टाकतात आणि स्वतःभोवती कोश करून वाट पाहतात. त्यातला एक फॅसिओलॉप्सिस बुस्की, माणसाच्या आतड्यातला सर्वांत मोठा पर्णकृमी, साडेसात सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. उत्तर प्रदेश, बिहार, आसाम या भागांत तो आढळला आहे. त्याचे मूळ घर डुक्कर. जिथे डुकरांची किंवा माणसांची विष्ठा शिंगाड्याच्या तळ्यात जाते तिथे त्याचे चक्र चालते, आणि शिंगाडा दाताने सोलणे हा तोंडात जाण्याचा सर्वांत सरळ रस्ता. दुसरा फॅसिओला, गुरांच्या यकृतातला. तो लिम्निया नावाच्या उभट, पातळ शंखाच्या गोगलगाईतून येतो. त्याने गुरांच्या जबड्याखाली पाणी साठून पिशवी लोंबते, हे खेड्यातल्या कोणालाही दाखवले तर ओळखील. माणसात तो कमी, पण होतो.

उपाय सोपा आहे. शिंगाडा उकडून खा. उकळत्या पाण्यात कोश टिकत नाही. उपासाच्या पिठाची काळजी नको, कारण फळ आधी पूर्ण वाळवलेले असते आणि वर आपण ते शिजवतो. कच्चाच खायचा मोह आवरत नसेल, तर निदान दातांऐवजी सुरी वापरा आणि सुरी धुवा.

म्वांझा_ते_मांजलपूर | सोमवार, दुपारी २.३०

‘बिल्हार्झिया’, म्हणजे माणसात राहणाऱ्या शिस्टोसोमांचा रोग, या शब्दावर मी गप्प बसू शकत नाही, कारण तो मला झाला होता.

टांझानियात म्वांझाला अकरा वर्षे कापसाच्या व्यापारात होतो. व्हिक्टोरिया सरोवर घरापासून चालत दहा मिनिटांवर. रविवारी काठावर पोहणे हा ठरलेला कार्यक्रम. एका वर्षी पोहून आल्यानंतर महिन्याभराने ताप, अंगावर पित्त, कोरडा खोकला असे सुरू झाले आणि मलेरिया समजून त्याच्या गोळ्या घेतल्या. दोन वर्षांनी पोटदुखी आणि शौचातून रक्त. तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेतल्या तरुणाने काचेवर अंडे दाखवले. लांबट अंडे आणि एका कुशीला ठळक काटा. तो म्हणाला, काटा कुशीला असेल तर आतड्याचा, टोकाला असेल तर मूत्राशयाचा. वजनाच्या हिशोबाने प्राझिक्वांटेलच्या गोळ्या एकाच दिवशी गिळल्या, दिवसभर गरगरले, आणि पुढच्या तपासणीत अंडी नव्हती.

त्यानंतर या विषयावर हाती पडेल ते वाचले. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला १८५१ साली कैरोत शवविच्छेदन करताना हा कृमी सापडला. पण माणसात तो येतो कसा, हे पुढची साठ वर्षे कळले नाही. पिण्याच्या पाण्यातून असेल असे बहुतेकांना वाटत होते. १९१३ साली जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी तिकडच्या जातीची गोगलगाय शोधली. १९१५ साली रॉबर्ट लायपर यांना ब्रिटिश सैन्याच्या काळजीपोटी इजिप्तला धाडण्यात आले, आणि त्यांनी दाखवून दिले की मूत्राशयाच्या कृमीला ब्युलिनस ही गोगलगाय लागते आणि आतड्याच्या कृमीला बायोम्फॅलेरिया. दोन कृमी, दोन गोगलगाई, अदलाबदल चालत नाही.

आपल्या कमाटी बागेतल्या संग्रहालयात सयाजीरावांच्या काळी आणलेली इजिप्तची ममी आहे, ती आपण सर्वांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली. १९१० साली रफर यांनी इजिप्तमधल्या दोन ममींच्या मूत्रपिंडांत याच कृमीची चुनखडी झालेली अंडी शोधली. ममी तीन हजार वर्षांपूर्वीच्या. आता त्या काचेच्या पेटीसमोर उभा राहिलो की मला मेलेला परदेशी माणूस दिसत नाही, नाईलमध्ये पाय बुडवून बसलेला शेजारी दिसतो.

दांडियाबाजारकर (धागालेखक) | सोमवार, रात्री ९.२०

सर्वांचे मनापासून आभार. मातोश्रींना नारूचा फरक वाचून दाखवला. ‘बरं’ म्हणाल्या, पण पाणी गाळून पिण्याचे फडके दुहेरी केले आहे.

मांजलपूरकरांचे वाचून पुन्हा तीच भीती वर आली. आपल्या तळ्यात ब्युलिनस नाही, म्हणून माणसाचा बिल्हार्झिया नाही, इतके सरळ आहे का? आफ्रिकेतून येणारी-जाणारी माणसे वडोदऱ्यात काही कमी नाहीत. त्यांच्यापैकी कोणी तळ्याकाठी बसले तर?

गुहागरची_माहेरवाशीण | सोमवार, रात्री ११.४५

इतके सरळ नाही. आणि त्याचे उदाहरण आपल्याच मराठी मुलखातले आहे, म्हणून लिहायला बसले.

माझे माहेर गुहागर तालुक्यात. लग्न होऊन वडोदऱ्याला आले आणि इथेच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केले. परोपजीवींच्या वर्गात एके दिवशी बाईंनी फळ्यावर गावाचे नाव लिहिले : गिमवी. मी बाकावर ताठ बसले, कारण गिमवीवरून आमची एस.टी. जात असे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या दोघांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या लोकांमध्ये शिस्टोसोमाची टोकाला काटा असलेली अंडी सापडल्याचे प्रसिद्ध केले. भारतात माणसाचा बिल्हार्झिया स्थानिक पाण्यातून होतो, असे दाखवणारे हे गाजलेले ठिकाण. आणि तिथे ब्युलिनस नव्हती.

मग वाहक कोण? त्यांनी बोट ठेवले ते फेरिसिया टेन्युइस या गोगलगाईवर. ही गोगलगाय गोगलगाईसारखी दिसतच नाही. पीळ नाही, चकती नाही. काही मिलिमीटरची, उलट्या होडीसारखी पारदर्शक टोपी, पाण्यात पडलेल्या पानाच्या खालच्या अंगाला चिकटलेली. वर्गात हे शिकल्यावर पुढच्या सुट्टीत मी माहेरच्या वहाळावर गेले, कोंडात कुजत पडलेले आंब्याचे पान उचलले, उलटे केले आणि उन्हाकडे धरले. शिरेच्या कडेला तीन टोप्या होत्या. नखाने हलकेच सरकवल्यावर एक हलली. त्या वहाळावर मी लहानपणी भांडी घासली आहेत आणि ते पान शंभर वेळा हाताने बाजूला सारले असेल. (माझ्या वहाळात रोग होता असे मी म्हणत नाही, फेरिसिया अनेक ठिकाणी असते आणि बहुतेक ठिकाणी ती निरुपद्रवी असते.)

पुढच्या काळात गिमवीतला रोग विझत गेला. कृमी नेमका कोणत्या जातीचा होता याबद्दलही नंतर अभ्यासकांत चर्चा झाली. पण प्रश्नाचे उत्तर त्यात आहे : कृमीला गोगलगाय ‘ठरावीक’ लागते हे खरे, पण कोणती ठरावीक हे आपण आधी सांगू शकू असे नाही. तुमच्या तळ्यातली इंडोप्लॅनॉर्बिस ही ब्युलिनसची जवळची नातलग आहे, एका घराण्यातली. तरी माणसाचा कृमी तिच्यात वाढत नाही. आणि दूरची, टोपीवाली फेरिसिया मात्र पुढे आली. नात्यावरून सोयरीक जुळतेच असे नाही.

काचेचे_तळे | मंगळवार, सकाळी १०.१०

मी घरी मासे पाळतो. एवढे सगळे वाचल्यावर मला एकच सुचते : त्या तळ्यात मोरचूद टाका. टाकीतल्या गोगलगाई आम्ही तशाच मारतो, दोन दिवसांत साफ. इतकी चर्चा कशाला?

गुरांचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी १२.४०

टाकी आणि तळे यांत फरक आहे, साहेब. मोरचुदाने गोगलगाई मरतात हे खरे; इजिप्तच्या कालव्यांत तो वर्षानुवर्षे टाकला गेला. पण त्यातले तांबे मासे मारते, चिखलात बसते, आणि त्याच तळ्यावर गावची गुरे पाणी पितात. मेंढरांना तर थोडे जास्त तांबेही सोसत नाही. बरे, मारून संपत असते तरी एक वेळ म्हटले असते. ही गोगलगाय उभयलिंगी आहे आणि जोडीदार नसला तरी एकटी अंडी घालते. चिखलात दडून एक वाचली, की पुढच्या पावसाळ्यात तळे पुन्हा भरले.

आता विषयच निघाला आहे तर सांगतो. १९६४ साली इथिओपियात अक्लिलू लेम्मा या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की नदीवर बायका जिथे कपडे धुतात त्याच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगाई जास्त आहेत. त्या बायका साबणाऐवजी एन्डोड नावाच्या झुडपाची फळे वापरीत, आपल्याकडे रिठे वापरतात तशी. त्या फेसात गोगलगाय मरते हे त्यांनी प्रयोगाने सिद्ध केले. शोध सुंदरच होता. मात्र तो फेस माशांनाही सोडत नाही. आज जगात गोगलगाई मारायला निक्लोसामाइड वापरतात, तेही निवडक ठिकाणी आणि माणसांना गोळ्या देण्याच्या जोडीनेच.

खेड्यात मी नेहमी एवढेच सांगत आलो : गुरांना तळ्यात उतरू न देता पाणी उपसून हौदात पाजा, काठावरचे गवत आणि शेवाळ काढा, आणि जमले तर बदके पाळा. शेवटच्या सल्ल्यावर लोक हसतात. बदक गोगलगाय आवडीने खाते, पगार मागत नाही.

कालवेवाला | मंगळवार, रात्री ८.३०

पाटबंधारे खात्यात हयात गेली, तेव्हा बदकांवरून आठवलेली एक गोष्ट सांगतो. तीही खाणाऱ्यांचीच आहे.

सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ साली दियामा धरण पूर्ण झाले. हेतू चांगला होता : समुद्राचे खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, गोडे पाणी साठवून ऊस आणि भात पिकवायचा. आमच्या व्यवसायात अशा कामाचे कौतुकच होते. पण खारेपणा गेला, पाणी संथ झाले, वनस्पती माजली, आणि गोगलगाईंना हवे तसे घर मिळाले. त्याच नदीत मोठ्या कोळंब्या होत्या. त्या गोगलगाई फस्त करीत, पण त्यांना अंडी सोडायला खाऱ्या पाण्याकडे जावे लागते, आणि वाटेत भिंत उभी राहिली. कोळंबी घटली. दोनच वर्षांत, १९८८ साली, वरच्या अंगाच्या रिशार तोल या गावात आतड्याचा बिल्हार्झिया दिसू लागला आणि थोड्याच काळात तिथली साथ जगातल्या सर्वांत तीव्र साथींपैकी एक ठरली. पुढे संशोधकांनी पाणवठ्यांवर कोळंबी परत सोडून पाहिली, तेव्हा संसर्ग झालेल्या गोगलगाई घटल्या.

इजिप्तमध्ये आस्वानच्या मोठ्या धरणानंतर निराळाच पालट झाला. वर्षाचा पूर थांबला, कालवे बारमाही झाले, आणि नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मूत्राशयाचा कृमी मागे हटून आतड्याचा पुढे आला, कारण एका गोगलगाईला नवे पाणी मानवले आणि दुसरीला नाही. आम्ही आराखड्यात पाण्याचा वेग मोजतो, गाळ मोजतो, गळती मोजतो. माझ्या सबंध नोकरीत कालव्याच्या कडेचा शंख उचलून तो कोणता आहे, असे कोणी विचारले नाही. मीही नाही.

म्वांझा_ते_मांजलपूर | मंगळवार, रात्री १०.००

इजिप्तचा विषय निघाला म्हणून एक कडवट भर. प्राझिक्वांटेल येण्यापूर्वी तिथे सरकारने दशकानुदशके अँटिमनीची इंजेक्शने दिली. बारा-बारा, सोळा-सोळा टोचण्या, आणि सुया-पिचकाऱ्या नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरलेल्या. त्यातून हेपॅटायटिस सी इतका पसरला की पुढे इजिप्त त्या रोगाच्या प्रमाणात जगात अग्रभागी गेला. कृमी काढायला गेले आणि विषाणू आत सोडला. सुई न लागणारी, एका दिवसात संपणारी गोळी किती मोठी गोष्ट आहे हे मला तेव्हा कळले.

आणि धागालेखकांच्या ‘कोणी प्रवासी तळ्याकाठी बसले तर’ या प्रश्नाला युरोपातले उदाहरण आहे. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर कावू नावाची स्वच्छ, सुंदर नदी आहे, पर्यटक पोहायला जातात. २०१३ साली आणि त्याच्या मागेपुढे तिथे पोहलेल्या शंभराहून अधिक लोकांना मूत्राशयाचा बिल्हार्झिया झाला. आफ्रिकेत कधी पाऊलही न ठेवलेल्या लोकांना. कोणीतरी संसर्ग घेऊन आलेला माणूस आणि नदीत आधीपासून असलेली ब्युलिनस, एवढ्यावर भागले. तपासात तो कृमी माणसाचा आणि गुरांचा संकरही निघाला.

गुहागरची_माहेरवाशीण | बुधवार, सकाळी ६.५०

हा संकराचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण वर ‘गुरांचा कृमी माणसात मरतो’ असे म्हणून निःश्वास सोडला, आणि आपल्या जातींपुरते ते ठीक आहे. पण ही रेषा दगडी भिंत नाही. १९२६ साली चँडलर यांना बंगालमध्ये कृष्णनगरच्या, मानवी समजल्या गेलेल्या विष्ठेत अनोळखी शिस्टोसोमाची अंडी मिळाली. मालक सापडेना म्हणून जातीचे नावच त्यांनी ‘इन्कॉग्निटम’, म्हणजे अज्ञात, असे ठेवले. तो कृमी पुढे डुकरांत आणि इतर प्राण्यांत सापडला, आणि ती अंडी माणसाची होती की डुकराच्या विष्ठेची मिसळ होती, हा प्रश्न तसाच राहिला. इथे सावधपणे लिहावे लागते ते यासाठीच.

दांडियाबाजारकर (धागालेखक) | रविवार, सायंकाळी ६.३०

मंडळी, आज पुन्हा शेतावर जाऊन आलो. डॉक्टरसाहेबांनी मला व्यक्तिगत निरोपातून एक प्रयोग सुचवला होता, तो केला; हातात रबरी मोजे होते.

तळ्यातल्या दहा चपट्या गोगलगाई सांडशीने उचलून काचेच्या पेल्यांत एकेक ठेवल्या, स्वच्छ पाणी घातले आणि पेले उन्हात ठेवून मागे काळा कागद उभा केला. पाऊण तास काहीच नाही. पुतण्या कंटाळून निघून गेला. मग सातव्या पेल्यात पाणी धुरकट वाटू लागले. डोळा अगदी जवळ नेला तेव्हा दिसले की तो धूर नाही, पांढुरके बारीक कण आहेत आणि प्रत्येक कण स्वतःहून हलतो आहे. वर झटका घेतो, थांबतो, हळूहळू खाली बुडतो, पुन्हा झटका. शेकड्यांनी असतील. भिंगातून काहींच्या मागे इंग्रजी वायसारखी शेपटी दिसली. उरलेले नऊ पेले शेवटपर्यंत स्वच्छच राहिले. दहांत एक, आणि त्या एकीच्या जिवावर आमच्या सहा पोटऱ्या.

मावसभाऊ बराच वेळ पेल्याकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतःहून सांगितले की त्याच्या चुलत्यांच्या दोन गायी गेली दोन वर्षे घोरतात. ‘म्हाताऱ्या झाल्या म्हणून’ असे घरात समजत होते. उद्या तालुक्याच्या पशुवैद्यांना दाखवणार आहेत. पेल्यात उकळते पाणी ओतून मगच ते रिकामे केले.

दुसरे असे की हौदाची सूचना त्याने लगेच मनावर घेतली आहे. विहिरीजवळ जुना सिमेंटचा हौद होता, तो धुऊन भरला आणि म्हशी आता तिथेच पितात. शोभेला म्हणून वहिनींनी त्यात तळ्यातले एक कमळ आणून सोडले आहे. आज मला हौदाच्या भिंतीवर एक चपटी गोगलगाय दिसली. एकच होती, काढून टाकली.

गुरांचा_डॉक्टर | रविवार, रात्री ८.१०

घोरणाऱ्या गायींच्या नाकातला शेंबड तपासायला सांगा, नुसते नाक पाहून भागणार नाही.

आणि ती ‘एकच होती’ यावर जाऊ नका. कमळाचे पान उलटे करून पाहा. खालच्या बाजूला नखाएवढा, साबुदाण्याच्या खिरीसारखा पारदर्शक चिकट गोळा असेल आणि त्यात बारीक ठिपके असतील, तर ती आपले काम करून गेली आहे.

दांडियाबाजारकर (धागालेखक) | रविवार, रात्री ९.०५

मावसभावाला फोन करून बॅटरीच्या उजेडात बघायला लावले. तीन पानांखाली मिळून आठ गोळे निघाले. वहिनी नाराज आहेत, पण कमळ बाहेर काढून विटांवर वाळत टाकले आहे आणि हौद रात्रीच रिकामा केला.

खंडेराव_मार्केटवाली | रविवार, रात्री ९.३०

आज मार्केटात पहिले शिंगाडे आले. अर्धा किलो घेतले, कुकरला लावले आहेत.